बाबांच्या ताटावरचा जोड

दिल्लीजवळच्या मानेसरला तेव्हा जिकडेतिकडे नव्या शेड उभ्या राहत होत्या आणि प्रत्येक मालकाला माल कालच हवा असायचा. आमच्या कारखान्यात गाड्यांचे रबरी भाग बनायचे. त्यासाठी पाइपांतून तेल फिरवायचं, अंगावर उडालं तर कातडी सोलून निघेल इतकं गरम. दोन पाइप जिथे जुळतात तिथे दोन लोखंडी चकत्या, मध्ये गळती रोखणारं गास्केट आणि भोवतीने बोल्ट. यातला कुठला जोड गळू शकतो हे आधीच ओळखणं, हे माझं काम. अख्ख्या शेडमध्ये मी एकटी बाई. सगळे मॅडम मॅडम म्हणायचे आणि करायचे स्वतःच्याच मनाचं.

मला धास्ती होती ती वळणावरच्या जोडाची. पाइपांची नवी लाइन पहिल्यांदा तापली की पाइप ताणतो, गास्केट दबतं आणि बोल्ट सैल पडतात. म्हणून ती निवली की बोल्ट पुन्हा आवळायचे आणि आवळलेल्या प्रत्येक नटावर पिवळी रेघ ओढायची. रेघ नाही तर भरवसा नाही. वळणाचा जोड तेवढा राहिला होता. तो आवळल्याशिवाय तेल तापवणारा बर्नर लावायचा नाही, असं मी फोरमनला बजावलं होतं. "बिल्कुल, मॅडम," तो म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी विश्वकर्मा पूजा, म्हणजे कारखान्यातल्या यंत्रांची-अवजारांची पूजा. त्या दिवशी घरच्यांना कारखाना दाखवायची पद्धत, म्हणून मी बाबांना दिल्लीतल्या मयूर विहारच्या घरून घेऊन आले. रिटायर्ड सरकारी अधिकारी, लेकीचं काम बघायला इस्त्रीचा झब्बा घालून निघालेले. त्यांना पाहुण्यांत सोडून मी आत गेले आणि चक्रावलेच. मालक येणार म्हणून सगळी लाइन चंदेरी रंगवून टाकलेली. नट, बोल्ट, माझ्या रेघा, सगळं एकजात चकाचक. कुठला जोड आवळलाय आणि कुठला नाही, देव जाणे.

"वळणाचा जोड आवळला?" मी फोरमनला विचारलं.

"आज औजारों को हाथ नहीं लगाते, मॅडम. कल कर देंगे." खरंच, नट आवळायचे सगळे पाने देवापुढे मांडलेले, त्यांवर फुलं वाहिलेली. ठीक आहे, म्हटलं, बर्नर तर बंद आहे ना? तर म्हणे, मालकांना चालू लाइन दाखवायचीय, सकाळीच लावलाय.

मी वळणाकडे धावले. एरवी तिथे कुत्रंही फिरकत नाही, आणि आज तिथेच सतरंज्या घालून पंगत बसलेली. बाबांना पाहुणे म्हणून खास जागा दिलेली, पंख्यासमोर, बरोबर त्या जोडाखाली. वर चंदेरी रंगावर काळपट ओल पसरत होती. जळक्या तेलाचा वास येत होता, पण तिथे पुऱ्याही तळल्या होत्या, कुणाला काय कळणार.

"तेल का पंप बंद करो, सब उठो," मी ओरडले. लोक उठले. बाबा काही उठेनात.

"अगं, भरल्या ताटावरून उठतात का? दोन घास राहिलेत."

"बाबा, उठा."

"लोक काय म्हणतील?"

माझं डोकंच फिरलं. मी त्यांच्या पुढ्यातली थाळी उचलली आणि चालायला लागले. आयुष्यात त्यांचा असा अपमान कुणी केला नव्हता. उष्ट्या हाताने ते तरातरा माझ्या मागे आले, "शिकवलं त्याचं हे फळ" म्हणत. आम्ही खांबापर्यंत पोचलो असू, मागे जोरात फस्स झालं.

वळून बघितलं तर बाबांच्या सतरंजीवर तेल कोसळत होतं. त्यांचा प्लास्टिकचा पेला बघता बघता वितळून गेला. थाळी मी अजून घट्ट धरलेली. बाबांचा आ वासलेला तसाच राहिला.

रात्री घरी आईने पानं वाढली. बाबा आले, पाटापाशी थांबले, आधी मान वर करून छत न्याहाळलं. मग माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "बसू ना गं?"