शाकाहारी बेळ्ळी

आमची मांजर लिंगायत आहे, असं माझ्या सासूबाई सगळ्या पेठेला सांगायच्या. सासूबाईंचं नाव शिवगंगा. माहेर निपाणीकडचं, म्हणून घरात त्यांना सगळे अव्वा म्हणायचे. मांजरीचं नाव बेळ्ळी, म्हणजे कानडीत चांदी. पांढरीशुभ्र, पाच किलोची, आणि माज विचारू नका. त्र्याण्णव साली मी लग्न होऊन आले तेव्हा ही बया उंबऱ्यात अंग चाटत बसलेली. नवरी उभी, वऱ्हाड उभं, आणि अव्वा म्हणतात कशा, थांबा जरा, तिचं आवरू दे. मला तिथंच राग आला. तो अजून पुरता गेलेला नाही.

अव्वांचं सोवळं फार कडक. गळ्यात लिंग, कपाळावर विभूतीची तीन बोटं, आणि अंड्याची जाहिरात होती म्हणून एकदा भिंतीवरचं कॅलेंडर त्यांनी दुकानदाराला परत नेऊन दिलेलं. बेळ्ळीला दोन वेळा दूधभाकरी, वर साय. साय मांजरीला आणि माझ्या चहात पाणी, हा आमच्या घरचा न्याय. जंगमस्वामी घरी आले की अव्वा तिला उचलून त्यांच्यापुढं ठेवायच्या. हिनं जन्मात मांसाला तोंड लावलेलं नाही, उंदीरसुद्धा नुसता हाकलते, असं सांगायच्या. स्वामी मान डोलवायचे. बेळ्ळी डोळे मिटून घ्यायची. नाटकी मेली.

खरं काय ते मला ठाऊक होतं. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी शेजारच्या चिमणाबाईंच्या परसात उघडते. चिमणाबाई आणि त्यांचे मालक गणपतराव, बुधवार-शुक्रवार-रविवार मटण चुकलं तर त्यांच्या घरी सुतक. लग्नानंतरच्या पहिल्याच बुधवारी बघते तर बेळ्ळी भिंतीवरून पलीकडं. चिमणाबाईंनी ताटली सरकवली, हिनं बोट्या फस्त केल्या, वर पांढरा रस्सा प्यायली, भिंतीवर बसून दहा मिनिटं मिशा पुसल्या, आणि घरी येऊन अव्वांच्या पुढ्यात साळसूदपणे दूधभाकरी खाल्ली. चिमणाबाईंनी माझ्याकडं बघून डोळा मारला. कधीतरी अव्वांची चांगली जिरेल म्हणून आठ वर्षं मजा बघत बसले.

अव्वांचं आणि चिमणाबाईंचं भांडण मटणाच्या वासावरून. फोडणी पडली की अव्वा भिंतीपाशी धूप घेऊन उभ्या. दोन हजार एक साली गणपतरावांच्या छातीत दुखलं. डॉक्टर म्हणाले, मटण जरा बेतानं. अव्वांना तेवढंच पुरे झालं. दवाखान्यात जाऊन खाटेशी ठाण मांडून बसल्या आणि मटण कायमचं सोडतो अशी शपथ घेतल्याशिवाय त्या माणसाला पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. मग चिमणाबाईंनीही मटणाची चूल थंड केली. एकटीसाठी कोण करणार? अव्वांनी गल्लीत पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

दोन महिन्यांत बेळ्ळीच्या पाठीची हाडं हाताला लागायला लागली. आमच्या सासऱ्यांचं, प्रभुलिंगअण्णांचं, लक्ष्मीपुरीत किराणा दुकान. रोज सकाळी बेळ्ळीला टोपलीतून दुकानात न्यायचं आणि तराजूत बसवायचं, असा अव्वांचा हुकूम निघाला. पाचाची चार झाली, चाराची तीन. गिऱ्हाईक म्हणायचं, अण्णा, मांजर काय किलो लावलंय? अण्णा खाली बघून वजनं मोजायचे. अव्वांनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली, अंगारा लावला, भिजवलेले बदाम वाटून दिले. बेळ्ळी बदामांचा वास घ्यायची आणि भिंतीकडं बघत बसायची. चौदा वर्षांची झालेली, उडीही धड बसत नव्हती. अडीच किलोवर काटा आला त्या दिवशी अव्वा जेवल्या नाहीत. रात्री तिला पोटाशी घेऊन बसलेल्या बघितल्या आणि मीच म्हणाले, उद्या हिला डॉक्टरांकडं नेऊ.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तिला जनावरांच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. पुढं दोन म्हशी, मागं आमची टोपली. डॉक्टरांनी तोंड उघडून बघितलं. दात चारच उरलेले. काय खाते म्हणून विचारलं, तर अव्वांनी मान ताठ करून दूधभाकरी सांगितली. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, फार दिवस नाहीत हिचे. पण मांसाशिवाय मांजर तगत नाही, खिमा उकडून मऊ करून द्या. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "बाई, दूधभाकरीवर ही चौदा वर्षं जगली कशी?"

अव्वांनी टोपली उचलली, तुम्ही म्हशीच बघा म्हणून डॉक्टरांना सुनावलं आणि तरातरा बाहेर आल्या. रिक्षात मी सगळं सांगून टाकलं. चिमणाबाई, ताटली, बोट्या, रस्सा. मला वाटलेलं तशी त्यांची जिरली, पण मला मजा मात्र काडीची आली नाही. घर येईपर्यंत त्या टोपलीतल्या तोंडाकडं बघत राहिल्या.

रविवारी सकाळी पूजा आटोपून, विभूती लावून, इरकलीचा पदर डोक्यावर घेऊन अव्वा पिशवी हातात घेऊन निघाल्या. मीही मागोमाग. त्या थेट मटणाच्या दुकानासमोर जाऊन रांगेत उभ्या राहिल्या. सगळी पेठ रांगेत. माणसं एकमेकांना ढोसायला लागली. पुढं टोपी कपाळावर ओढून एक माणूस अंग चोरत होता. अव्वांनी वाकून बघितलं तर गणपतराव. शपथ घेतलेले. त्यांचं तोंड असं झालं की पुन्हा छातीत दुखतंय की काय असं मला वाटलं. पावण्यांसाठी आलोय, असं काहीतरी ते पुटपुटले.

"गणपतराव, ते राहू द्या," अव्वा म्हणाल्या. "दात न्हाईत तिला. काय घेऊ तेवढं सांगा."

गणपतरावांनी टोपी सरळ केली, अव्वांना रांगेतून पुढं नेलं आणि पाव किलो खिमा दोनदा बारीक करून घेतला. चरबी काढ, आजारी माणसाचं हाय, असा मटणवाल्याला दम दिला. घरी आल्यावर मी पातेलं घ्यायला गेले तर अव्वांनी मला हात लावू दिला नाही. परसात तीन दगड मांडले, नाकाला पदर बांधला आणि खिमा स्वतः उकडला. उमासा आला की तोंड फिरवायच्या आणि पुन्हा ढवळायच्या.

बेळ्ळी हळूहळू आली. वास घेतला. मग मान खाली घालून जे खायला लागली ते ताटली पुसूनच थांबली. आणि आत जाऊन तिच्या रोजच्या जागेवर बसली. अव्वांनी हात धुऊन नेहमीप्रमाणे दूधभाकरी कुस्करून ठेवली. तिनं दोन घास तेही खाल्ले.

अव्वांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "शेजारी पोटभर जेवून यायची, आन् वर माझ्या हातचं खायची. कशापायी? माझं मन मोडू ने म्हणून की गं."

मांजराला मन-बिन काही कळत नसतं, खादाड असते जात, असं माझ्या अगदी ओठांवर आलं. मी गिळलं.

"आन् तुला सगळं ठावं हुतं," त्या माझ्याकडं वळल्या. "आठ वर्सं का न्हाई सांगितलंस?"

जिरायची वाट बघत होते, हे खरं उत्तर. पण तोंडातून निघालं, "त्याचपायी, अव्वा." आणि बोलून झाल्यावर मला कळलं की हेही काही अगदी खोटं नाही.

अव्वांनी नाकाचा पदर सोडला, डोळे पुसले आणि पातेलं माझ्या हातात दिलं. "घास नीट," म्हणाल्या. "आन् बुधवारी लवकर आवर. रांग लई मोठी असतीया."