तळघरवाल्याचा चेहरा

अहिल्याबाई बिडव्यांनी आयुष्यात एकही भुताचा पिक्चर पाहिला नव्हता, पण ऐकले होते मात्र झाडून सगळे. हसू नका. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये धड बसण्याजोगी खोली एकच. तिथेच टीव्ही, तिथेच व्हीसीआर, आणि नवरा असा की रविवारी जेवणं उरकली की पडदे ओढून विलायती भुतं बघत बसणार. बाईंनी जावं कुठे? त्या आपली खुर्ची भिंतीकडे तोंड करून टाकायच्या आणि टीव्हीला पाठ देऊन स्वेटर विणायच्या. दिल्लीची थंडी आणि दर वर्षी हातभर वाढणारा मुलगा सुधन्वा, त्यामुळे विणायला काही तोटा नव्हता.

सूर्यकांत बिडवे एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. साहेबासमोर त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे, पण घरी पडद्यावर शवपेटीचं झाकण सरकलं की हा गृहस्थ टाळ्या पिटायचा. मुनिरक्याच्या व्हिडिओ लायब्ररीतून जुने काळे-पांढरे इंग्रजी पिक्चर आणायचे, कुणाचा तरी दुसरा व्हीसीआर मागून त्यांची कॉपी करून ठेवायची, हाच त्यांचा नाद. पिक्चरांची नावंसुद्धा घरचीच. एक ‘मेणाचा’, एक ‘बर्फातल्या बाईचा’, आणि सगळ्यांचा राजा ‘तळघरवाला’. त्यात वर्षानुवर्षं तळघरात कोंडलेला कुणी एक वर येतो. पिक्चरभर नुसती त्याची पावलं ऐकू येतात आणि अगदी शेवटी कंदील वर होतो तेव्हा एकदाच चेहरा दिसतो.

“अगं, एकदा तरी वळ,” सूर्यकांत म्हणायचे. “खोटं असतं सगळं.”

“खोटं आहे तर तुम्हीच बघा,” असं म्हणून बाई आणखी अंग चोरून बसायच्या. आणि गंमत अशी की त्याच बाई भिंतीकडे बघत नायिकेला रागे भरायच्या. “एकटी कशाला उतरतेय मेली? गडीमाणूस घे की बरोबर!” दार कधी करकरतं, कुत्रं कधी रडतं, सगळं त्यांना तोंडपाठ. सूर्यकांत पोट धरधरून हसायचे. बाईंना भुतं आवडत नव्हती, पण ते हसणं आवडायचं, आणि खरं सांगायचं तर त्या हसण्यासाठीच त्या तिथे बसायच्या.

रिटायर झाल्यावर दिल्लीतच, द्वारकेच्या सोसायटीत फ्लॅट घेतला. तेव्हाची द्वारका म्हणजे धूळ, पाण्याचे टँकर आणि मेट्रोचे अर्धवट खांब. लाइट मनाला येईल तेव्हा जायची. सुधन्वा नोकरीला गुडगावात, राहायलाही तिकडेच. म्हातारा-म्हातारीला आता रोजच रविवार झाला.

तिथे आल्यावर वर्षभरात सूर्यकांतांची कुरकुर सुरू झाली. “टेपा गेल्या गं सगळ्या. कडेकडेनं काळं पडत चाललंय.” मग स्पिरिट आणि कापूस घेऊन व्हीसीआरचं हेड पुसणं आलं. टीव्हीचा ब्राइटनेस वाढवून झाला. मग व्हीसीआर पिशवीत घालून बसनं लजपतराय मार्केटला नेऊन झाला. तिथला मेकॅनिक म्हणाला, “बाऊजी, पिक्चर तो बिल्कुल साफ है.” सूर्यकांतांनी त्याला चोर ठरवलं आणि सरळ नवा टीव्ही घेतला. त्यावरही काळंच. अशी दोन वर्षं गेली. बाई भिंतीकडे तोंड करून म्हणायच्या, “आवाज तर छान येतोय की हो.”

मग एके दिवशी फाटकाशी उभी असलेली स्कूटर दिसली नाही म्हणून ते तिच्यावर जाऊन आदळले. सुधन्वानं डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू निघाला. एक डोळा संपल्यातच जमा होता आणि दुसऱ्यात मध्यावर तेवढं भोकाएवढं दिसणं उरलं होतं. गेलेलं परत येत नाही, डॉक्टर म्हणाले, आणि हे उरलेलंही किती टिकेल सांगता येत नाही. इतके दिवस काय करत होता, असंही त्यांनी विचारलं. सूर्यकांत खाली मान घालून म्हणाले, “मला वाटलं टेप खराब झाली.”

अहिल्याबाईंनी घरी येऊन मोरीतला नळ मोठा सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडल्या. दोन वर्षं त्या त्याच खोलीत होत्या. एकदा, फक्त एकदा मान वळवून पाहिलं असतं तर चित्र कसं लख्ख आहे ते दिसलं असतं, आणि दुखणं पेटीत नाही, माणसात आहे हे तिथल्या तिथे कळलं असतं. खोट्या भुताला भिऊन खऱ्या संकटाकडे पाठ करून बसलो, हे त्यांच्या काळजाला जे लागलं ते लागलंच.

सूर्यकांतांनी एकच ध्यास घेतला. डोळा मिटायच्या आत तळघरवाल्याचा चेहरा शेवटचा एकदा नीट बघायचा. सुधन्वा म्हणाला, “बाबा, सीडी शोधतो ना मी, चलो, थोडा वेळ द्या.” पण वेळच तर नव्हता. टीव्हीला नाक लावून बसायचे बिचारे. पहिल्यांदा कंदील उचलायच्या आतच लाइट गेली. दुसऱ्यांदाही गेली. तिसऱ्यांदा व्हीसीआरनं टेपच गिळली. सूर्यकांतांनी आयुष्यात कधी केला नव्हता असा थयथयाट केला, बायकोवर ओरडले, आणि मग जमिनीवर बसून लहान मुलासारखे रडले.

बाईंनी बोटांनी हळूहळू ती चुरगळलेली पट्टी बाहेर ओढली, मांडीवर सपाट केली आणि पेन्सिलीनं फिरवून आत गुंडाळली. व्हीसीआर घेऊन त्या एकट्या लजपतराय मार्केटला गेल्या. हिंदी मोडकंतोडकं, पण त्या दिवशी त्यांनी दुकानदाराचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. “भैया, जल्दी कर दो. इनकी आँख जा रही है.” तरी पार्ट मिळायला आठवडा गेला.

यंत्र घरी यायचं होतं त्याच सकाळी सूर्यकांत अंथरुणात उठून बसले आणि म्हणाले, “लाइट गेली का गं?”

डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. खिडकीतून ऊन थेट त्यांच्या तोंडावर आलं होतं. पंख्याचा वारा लागून सूर्यकांतांना आपलं आपणच कळलं आणि ते पुन्हा आडवे झाले.

दोन दिवस ते जेवले नाहीत. डॉक्टरांकडे नेऊन आणलं, त्यांनीही हात टेकले. तिसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी पडदे ओढले. आता पडद्यांचा काय उपयोग, पण ओढले. टेप घातली. सूर्यकांत चिडून म्हणाले, “बंद कर ते. मला काय दिसणार आहे?”

“मला दिसतंय ना,” बाई म्हणाल्या. त्यांनी आपली खुर्ची ओढली, फिरवली आणि टीव्हीकडे तोंड करून नवऱ्याला खेटून बसल्या. खुर्ची ओढल्याचा आवाज सूर्यकांतांनी ऐकला.

जिना कसला, भिंतीवर सावल्या कशा, ती नायिका किती काडी पहिलवान, सगळं त्या सांगत राहिल्या. पावलं वर येऊ लागली तशी त्यांच्या अंगाला दरदरून घाम फुटला. डोळे मिटून घ्यावेत असं फार वाटलं. त्यांनी मिटले नाहीत.

कंदील वर झाला. बाई गप्प.

“अगं, काय झालं? मिटलेस ना डोळे?”

“नाही हो. बघतेय.”

“कसा आहे? भयंकर आहे ना?”

“तोंडाला कणीक थापल्यासारखं काहीतरी लावलंय,” बाई म्हणाल्या. मग त्या पुढे वाकून बघू लागल्या. “पण भयंकर नाही हो. इतकी वर्षं अंधारात काढलीत त्यानं. हात पुढे करून चाचपडतोय. तोच घाबरलाय. कुणी हात धरतंय का म्हणून बघतोय.”

सूर्यकांतांनी हवेत हात पुढे केला. बाईंनी तो धरला.

“आणि मी आपला टाळ्या पिटायचो,” ते म्हणाले.

पिक्चर संपला. पडद्यावर मुंग्या आल्या तरी बाई तिकडेच बघत राहिल्या.