सुरई कधीपासून आली?

‘साहेब कर्तबगार होते, पण माणसांत मिसळले नाहीत. घरून स्वतःची सुरई आणून वेगळे पाणी पिणारा अधिकारी दोन रेल्वे एक कशा करणार?’

हिंगोलीच्या शोकसभेत हे वाक्य उच्चारले गेले आणि गेल्या आठवड्यात स्मरणिकेत छापूनही आले. दादारावला जाऊन महिना झाला. उत्तर द्यायला तो येणार नाही, हे वक्त्याला पक्के ठाऊक होते. मी मात्र अजून आहे, आणि त्या कार्यालयात मीही होतो.

साखऱ्याच्या बौद्ध वस्तीतला दादाराव आणि गावातला मी, सेनगावच्या शाळेत एका बाकावर शिकलो. मी छोट्या लाइनीवर स्टेशन मास्तर झालो. तो मोठा अधिकारी झाला. ‘मिसळत नसे’ म्हणणाऱ्यांनी त्याला माझ्या ओट्यावर मांडी घालून बसलेला पाहायला हवा होता. “काहून मास्तर, तुमची गाडी येऊन राहिली का बैलगाडी?” असे तो डिवचायचा. मी म्हणायचो, “आमची येते तरी साहेब, तुमच्या मोठ्या लाइनीची नुसती घोषणाच येते!” यावर सगळ्यात मोठ्याने तोच हसायचा.

पुढे छोटे रूळ उखडून मोठे टाकले गेले आणि वर्षानुवर्षे एकमेकींना पाण्यात पाहणाऱ्या दोन रेल्वे एका कारभाराखाली आल्या. ते काम दादारावकडे आले आणि माझीही बदली त्याच्या कार्यालयात झाली. बढतीत आधी कोण, यावरून दोन्हीकडची माणसे हमरीतुमरीवर आली. जो नोकरीत आधी लागला तो आधी, एवढाच निर्णय त्याने दिला... आणि दोन्ही बाजू त्याच्यावर उलटल्या. एकाच दालनात मधोमध कपाटांची भिंत उभी राहिली. अलीकडे छोट्या लाइनीचा माठ, पलीकडे मोठ्या लाइनीचा. अलीकडचा फोन पलीकडे कोणी उचलत नसे आणि भरल्या गाड्या सिग्नलबाहेर ताटकळत.

दादारावने कपाटे हलवली. मग सर्वांदेखत अलीकडच्या माठातून पेलाभर पाणी प्यायला, पलीकडच्यातूनही प्यायला आणि म्हणाला, “दोन्हीचं पाणी एकाच टाकीतलं हाय. मंग भांडण कशाचं?” काही जण हसले. वक्ते महाशयही हसले होते, मला आठवते.

सुरई त्यानंतरची. हे मात्र सभेत कोणी सांगितले नाही.

शेवटच्या भेटीत मी त्याला विचारले, “इतकी वर्षं लोक तुला गर्विष्ठ म्हणतात. तू खरं काहून सांगत न्हाईस?” त्याने त्याच सुरईतून माझा पेला भरला. “तवा तोंड उघडलं असतं तर चौकशा लागल्या असत्या, मास्तर. पुन्हा फोन बंद, गाड्या बाहेर उभ्या. गाडीतल्या लेकराबाळांनी काय केलं होतं?” ... त्याच्यामागे त्याची बायको, शांतावहिनी, ती सुरई आजही भरून ठेवतात.

त्याने तोंड मिटून गाड्या चालवल्या. त्या मौनाला गर्व म्हणणाऱ्यांसाठी आता मी लिहितो. ज्यांना खोडायचे असेल त्यांनी खुशाल नावानिशी खोडावे. दादाराव त्या दोन्ही माठांतले पाणी प्यायला, त्याच्या दुसऱ्या सकाळी दोन्ही माठ मागच्या आवारात फुटून पडले होते; आणि छोट्या-मोठ्या लाइनीने मिळून, एकमताने, एकच नवा माठ आणला होता.