आईचा हात वर गेला म्हणून

बाईचं दुखणं थांबलं की घरच्यांना आधी कामच का आठवतं? तुम्हीच सांगा.

आज सकाळी डॉक्टरांनी सोनोग्राफीत बघून आईच्या खांद्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं. "आत्ता दुखणार नाही, ते यातल्या भुलीच्या औषधामुळे. काही दिवस हाताला विश्रांती द्या," असं बजावलं.

कोळवणला घरी येताच आईने हौसेने हात वर करून दाखवला.

आप्पा म्हणाले, "झाली की बरी! उद्या सावडीला जा. शेजारी आपली भातलावणी करून गेल्यात, आता त्यांची आपण करायची."

"आप्पा, तुम्हीच जा."

"लावणी बायांचं काम हाय. घरात पहिली पदवी घेतलीस, म्हून बापाला चिखलात वाकवतीस व्हय?"

आई पावसात डोक्यावर घ्यायचं इरलं शोधू लागली.

मी तिला गाडीवर बसवून सूसला माझ्या खोलीवर आणलंय. सावड आप्पा फेडतील.