तेलाचा काटा

माझ्या ताईच्या नवऱ्यानं मासेमारीचा मचवा विकून जुनी मोटार घेतली आणि श्रीवर्धनहून म्हसळ्याला उतारू न्यायला मला चालक म्हणून बसवलं. पावसाळा सरला आणि तिच्या तेलाच्या दाबाचा काटा बिघडला. इंजिन थंड असताना तो नीट उभा राही, पण चढणीवर तापलं की थरथरत शून्यावर येई आणि मध्येच उसळी घेई.

तेल तर पुरेसं होतं. "काटाच खोटा असंल," दाजी म्हणाले. मलाही तेच खरं ठरावं असं वाटत होतं.

एकदा गाडी तापल्यावर काट्याकडे येणारी बारीक नळी मी सोडवली आणि इंजिन चालू ठेवलं. दाब असता तर तेलाची चिळकांडी उडाली असती. नळीच्या तोंडाशी नुसते थेंब जमले. घरी येऊन इंजिनातलं तेल घमेल्यात काढलं, तेव्हा बोटांना धातूचा चमकता कीस लागला. आतली बेअरिंगं झिजली होती.

"दाजी, काटा खरा हाय. इंजिनच गेलंय."

"दुरुस्त न्हाय व्हायचं?"

"एवढ्या जुन्या गाडीचं सामान मुंबईतपन मिळायचं न्हाय."

दाजींनी घमेल्यातला कीस बोटांवर चोळून पाहिला. मग म्हणाले, "जाड तेल घाल आनि चालव."

मी घातलं. काटा थोडे दिवस वर राहिला आणि ताईनं देवापुढे नारळ फोडला. मग एका चढणीवर इंजिन खडखडलं आणि जाम झालं. उतारू गाठोडी उचलून चालू लागले. दाजी चाकाशी उकिडवे बसले. मी पुढून इंजिनाला हँडल मारून पाहिलं. ते तसूभरही फिरलं नाही.