मोहाचं झाड आणि माझा पाय

माझे वडील साक्रीच्या पश्चिमेकडच्या खेड्यांतून ख्रिस्ताची सुवार्ता सांगत फिरणारे उपदेशक होते. माणूस अतिशय प्रेमळ, आणि त्याच प्रेमापायी मला नको नको करून सोडणारा.

मी तीन वर्षांची असताना तापात माझा उजवा पाय वाळला. मला ते आठवत नाही, त्यामुळे त्याचं फारसं दुःखही नव्हतं. दुःख होतं ते रविवारचं. आमच्या पत्र्याच्या मंदिरात उपासना संपत आली की मंडळीतले एक आबा विचारायचे, "कुणाची प्रार्थनेची विनंती?" कुणाची म्हैस आजारी असे, कुणाचा मुलगा अमळनेरला नोकरी शोधत असे. मग बाबा उठत. "माझ्या मुलीच्या पायासाठी." दर रविवारी, न चुकता. डोळे मिटायच्या आधी सगळी मंडळी एकदा माझ्या पायाकडे बघून घेई, आठवड्यात काही फरक पडलाय का ते तपासायला. मी पाय लुगड्यात ओढून घेई आणि मनातल्या मनात बाबांवर चरफडत बसे.

सोळाव्या वर्षी मी मिशनच्या मिसबाईंकडे गेले. मला बायबलबाई व्हायचं होतं, खेड्यांतल्या बायकांना देवाच्या गोष्टी सांगायच्या होत्या. मिसबाईंनी चहा दिला, गोड बोलल्या आणि म्हणाल्या, "बायबलबाईला रोज दोन-तीन कोस चालावं लागतं. तुला कसं जमणार?" बायबलबाईंच्या शिक्षणाचे वर्ग जूनमध्ये सुरू व्हायचे होते. त्या रविवारपासून बाबांच्या विनंतीला शेपूट फुटलं: "जूनच्या आत."

"देवाला मुदत घालून देता?" मी घरी येऊन विचारलं.

"मागितल्याशिवाय कसं मिळेल, बाळा?" बाबा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, म्हणून मी पुढे भांडले नाही. पण माझा खरा प्रश्न वेगळाच होता. देवाने मला पूर्ण केलं होतं, की अर्धवट टाकलं होतं आणि बाबा दर आठवड्याला त्याला त्याची आठवण करून देत होते? आणि हा पाय असाच राहिला, तर मी कशाच्याच उपयोगाची नव्हते का? हे मात्र मी कुणालाच विचारलं नाही.

दर वर्षी पिकं निघाली की बाबांचा दौरा सुरू होई. बैलगाडीत तंबू, भांडी, पुस्तकं, आई आणि मी. मला कुणी काही उचलू देत नसे. आई पाण्याचा तांब्यासुद्धा माझ्या हातून काढून घेई. "तू बस" हे दोन शब्द मी माझ्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकले असतील. मी बसे. बाबा गावात गेले की तंबूपाशी बायका गोळा होत, आणि बसल्या बसल्या मी त्यांच्याकडून अहिराणी शिकले, पानांच्या पत्रावळी लावायला शिकले, कुठल्या झाडाचं काय खातात ते शिकले.

बाबांची आवडती गोष्ट सृष्टीच्या निर्मितीची. तिच्यासाठी मिशनने दिलेली परदेशी चित्रांची एक लांब गुंडाळी होती. बाबा ती झाडाला टांगून एकेक दिवस उलगडत. उजेड झाला, पाणी बाजूला झालं, झाडं उगवली, आणि रोज संध्याकाळी देव आपलं काम बघून खूश झाला. चित्रांतली झाडं कुणी कधी न पाहिलेली, मेंढ्या कापसासारख्या गुबगुबीत. सहाव्या दिवसाचा गोरापान आदाम उघडला की हमखास कुणीतरी विचारी, "हाऊ साहेब कोन शे?"

त्या वर्षी दौरा लांबला. फाल्गुनात आम्ही पिंपळनेरच्या पलीकडच्या एका भिल्लवस्तीवर पोचलो. मोहाची फुलं गळायला लागली होती, सगळीकडे तो गोडसर वास. बाबांनी आदल्या दिवशीच दारूवर कडक प्रवचन दिलं होतं आणि त्यात दारूबरोबर मोहालाही झोडपलं होतं. आज ते सृष्टीकडे वळले. झाडांच्या दिवशी त्यांनी आंबा सांगितला, चिंच सांगितली, साग, पळस, बाभूळ सांगितली. ज्या झाडाला गुंडाळी टांगली होती, तेवढं सोडून.

पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "भाऊ, बठ्ठं देवनी बनाडं म्हनस ना? मंग मोहनं झाड कोनी बनाडं?"

बाबा अडले. हो म्हणावं तर कालचं प्रवचन पाण्यात, नाही म्हणावं तर आजचं. त्यांनी चित्राकडे पाहिलं, पण तिथे काय असणार! लोक हसायला लागले. बाबांचे कान लाल झालेले पाहून मी गाडीतूनच ओरडले, "तिसरा रोज, आजी! बठ्ठा झाडेसना संगे!"

"मंग भाऊ त्याले वाईट काब्रं म्हनस?"

"झाडले नही, दारूले म्हनतस." आणि मग मला थांबताच येईना. बायकांनी जे जे मला शिकवलं होतं ते मी त्यांनाच सांगत सुटले. घरातलं धान्य संपतं तेव्हा कोण पोट भरतं? फुलं भाजून कोण खातं, बियांचं तेल कोण काढतं? देवाने हे झाड केलं तेव्हा त्या संध्याकाळी तो खूशच झाला असेल. आपण त्याचं काय केलं, ते आपलं आपण बघावं.

म्हातारीने मान डोलावली आणि माझ्याकडे बोट केलं. "हाईलेच सांगू द्या, भाऊ."

बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं, चारचौघांत आगाऊपणा केला म्हणून रागावले. तिसऱ्या दिवशी बाजारातून ते मांजरपाटाचं जाड कापड घेऊन आले, सोबत गेरू आणि कपड्यांना घालायची नीळ. "मोहाचं झाड काढशील?" त्यांनी विचारलं. मी कोळशाने खोड काढलं, हळदीने फुलं रंगवली. मग सगळेच सहा दिवस काढले. माझी हव्वा सावळी होती आणि टोपली घेऊन मोहाची फुलं वेचत होती. पाय तिचे लुगड्याखाली होते. कसे आहेत ते मी कुणाला दाखवलं नाही.

दौऱ्याहून परतल्यावरच्या रविवारी आबांनी विचारलं, "कुणाची विनंती?" बाबा उठले. सगळ्यांनी सवयीने माझ्या पायाकडे पाहिलं.

"आज विनंती नाही," बाबा म्हणाले. "उपकारस्तुती आहे. माझ्या मुलीबद्दल."

आबा गोंधळले. "आणि पाय?"

"तोही तिचाच आहे," बाबा म्हणाले, आणि खाली बसले.

मी रडले. उघड्यावर, सगळ्यांसमोर, नाक ओढत. आई चिमटे काढत होती तरी.

उपासना संपल्यावर बाबांनी ती मांजरपाटाची गुंडाळी माझ्या हातात दिली. चांगली जड होती. "धर. पुढच्या दौऱ्यात गोष्ट तू सांगायची." आई ती घ्यायला पुढे झाली, तर त्यांनी तिला नजरेने थांबवलं. मंदिरापासून घर फार लांब नव्हतं, तरी वाटेत मी तीनदा दम खायला थांबले. बाबाही तिन्ही वेळा थांबले. पण गुंडाळी घ्यायला त्यांनी एकदाही हात पुढे केला नाही.