विरोळ्याच्या पाटीवरचं जुनं नाव

कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या सरांनी मला फसवलं, आणि तेही गावासमोर.

मी पाट्या रंगवतो. दुसऱ्याच्या दुकानात रंगाचे डबे धुतले, आज सिंधीपुऱ्यात माझं स्वतःचं दुकान आहे. भावात मी कुणाचं ऐकत नाही. पण नाव लिहिताना गिऱ्हाईक शेजारी पाहिजे, हा माझा नियम. त्यानं अक्षर सांगायचं, मग मी ब्रश टेकवायचा. पुढे भांडण नको.

डोईफोडिया गावच्या शाळेत सापांच्या पाट्या लावायच्या होत्या, लोकांनी दिसेल तो साप ठेचू नये म्हणून. त्यात विरोळा होता, केळीच्या पाटात फिरणारा आपला बिनविषारी साप. खाली शास्त्रीय नाव हवं होतं. सर माझ्या स्टुलावर बसून, माझाच चहा पीत, एकेक इंग्रजी अक्षर सांगत होते. झेनोक्रोफिस पिस्केटर. पहिलं अक्षर एक्स.

मी विचारलंसुद्धा, "सर, एक्सनं झ कसा होतो?"

"पेंटर, तू रंग लगा. पढाई मेरे पे छोड."

उद्घाटनाला बाहेरगावच्या सापांच्या अभ्यासक बाई आल्या. पाटी पाहून म्हणाल्या, "हे नाव जुनं झालं. आता फाउलिया पिस्केटर म्हणतात." डीएनए तपासून नाती पुन्हा लावली, तेव्हा हा साप दुसऱ्या घरातला निघाला, म्हणून नावाचा पहिला शब्द बदलला, असं त्यांनी नीट समजावलं. बाईंशी माझं काही भांडण नाही.

पण सर हसत माझ्याकडे वळले. "पेंटरनं कुठल्या तरी जुन्या पाटीवरून उतरवलं असेल. इन लोगों का ऐसाच रहता है."

सरपंचांनी लगेच संधी साधली. "काय रे पेंटर, आमचं नाव तरी बरोबर लिहिलंस ना?"

सगळं आवार हसलं. मी ओरडलो, "सर, अक्षरं तुम्ही सांगितली!"

"कार्यक्रमात तमाशा नको," एवढंच बोलून ते फोटोला उभे राहिले.

त्यानंतर शाळेची भिंत फ्लेक्सवाल्याकडे गेली, मग गावातल्या दुकानांच्या पाट्याही. 'तो चुकीचं लिहितो' म्हणतात. आणि सरांचा निरोप येतो: गुपचूप जाऊन नवं नाव रंगवून टाक.

गुपचूप का? त्या पाटीच्या कोपऱ्यात माझं नाव आहे.

विरोळ्याचं नाव मी बदलून देईन, फुकट देईन. शास्त्र उद्या पुन्हा बदललं तर पुन्हा देईन. पण आधी सरांनी त्याच आवारात, त्याच सरपंचांसमोर उभं राहून सांगावं, ते जुनं नाव मला कुणी सांगितलं. सर, बोला, कधी येता?